मशीनची जागा आणि लेकीचे टेबल

धुण्याचे मशीन हा काय आपल्या साप्ताहिकात लिहिण्याचा विषय आहे, असे काही बंधू-भगिनींना वाटेल. शिष्यवृत्तीचे, नोकऱ्यांचे, अत्याचाराचे इतके प्रश्न समोर असताना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली ही गोष्ट कशाला? पण दोन खोल्यांच्या घरात एखादी नवी वस्तू येते तेव्हा कोणाची तरी जागा जाते. ती कोणाची जाते, हे प्रत्येकाने आपापल्या घरात पाहण्यासारखे आहे. मंद्रूपला आमच्या घरात गेल्या वर्षी हा प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर टेप हातात घेऊन, इंच इंच मोजून शोधावे लागले. ते मोजमाप इतरांनाही उपयोगी पडावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

आपल्या समाजात कपडे धुणे ही नुसती घरकामाची बाब कधीच नव्हती. ज्यांना पाणवठ्यावर पाऊल ठेवू दिले जात नव्हते, त्यांनाच अस्वच्छ म्हणून हिणवले जात होते. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरली, तेव्हा जमलेल्या आपल्या आयाबहिणींना त्यांनी स्वच्छ राहण्याचा, लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडून देण्याचा उपदेश केला. पाण्याचा हक्क आणि अंगावरचा स्वच्छ कपडा या दोन गोष्टी एकाच वर्षात, एकाच गावात आपल्याला सांगितल्या गेल्या. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, लग्न होऊन आल्या तेव्हा धुण्याचे गाठोडे डोक्यावर घेऊन विहिरीवर जात. आपल्या वस्तीतल्या बायांचा नंबर सगळ्यांच्या शेवटी. आज त्यांची कंबर वाकली आहे, पण 14 एप्रिल, वैशाख पौर्णिमा किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की पांढरी साडी बगळ्याच्या पंखासारखी हवी, हा त्यांचा आग्रह कायम आहे. आमच्याकडे बोअरचे पाणी जड. साबणाला फेस येत नाही, पांढरी साडी पिवळट पडते आणि घासून घासून हात सोलवटून निघतात.

हे काम कोण करते? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जातो आणि असे काम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटे, असे आढळले. म्हणजे एकीकडे पाच तास आणि दुसरीकडे दीड तासाच्या थोडे वर. जे पुरुष घरकामाला हातच लावत नाहीत, ते तर या 97 मिनिटांच्या हिशेबात धरलेलेच नाहीत.

स्वीडनमधील डॉक्टर हान्स रॉसलिंग (1948-2017) हे जगाची आकडेवारी सोपी करून सांगण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांनी 2010 मध्ये एका भाषणात आपल्या घरी पहिले धुण्याचे मशीन आले त्याची आठवण सांगितली. मशीनने धुण्याचे काम अंगावर घेतले आणि त्यांच्या आईला मुलाला घेऊन ग्रंथालयात जायला वेळ मिळाला. धुण्यातून सुटलेला वेळ पुस्तकाकडे गेला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आमच्या घरात नेमके याच्या उलट होऊ घातले होते.

आमचे जुने मशीन अर्धस्वयंचलित, दोन टबांचे. बारा वर्षे चालले. गेल्या उन्हाळ्यात सुकवण्याच्या टबाखालून पाणी गळू लागले, खालचा पत्रा गंजून गेला. कारागीर म्हणाला, "ताई, याचे सामान आता मिळत नाही. यावर पैसा घालू नका." आता नवे घ्यायचे ठरले. जुने ज्या जागेवर होते तिथेच नवे ठेवायचे, यात विचार करण्यासारखे काय आहे, असे कोणालाही वाटेल.

आमचे स्वयंपाकघर आठ बाय साडेनऊ फुटांचे. डाव्या भिंतीला ओटा आहे. ओटा संपतो तिथून मागच्या भिंतीपर्यंत 31 इंच जागा उरते. मागच्या भिंतीला परसदार आहे आणि डाव्या कोपऱ्यापासून 19 इंचांवर त्याची चौकट सुरू होते. दार आत उघडत असे आणि त्याची फळी बरोबर त्या 19 इंचांवर येऊन उभी राहत असे. जुने मशीन 29 इंच रुंद आणि 17 इंच खोल. मागे नळीला दोन इंच सोडले की ते त्या कोनाड्यात चपखल बसायचे. समोरच्या उजव्या भिंतीला खिडकीखाली माझ्या लेकीचे अभ्यासाचे टेबल आहे, 30 इंच लांब आणि 18 इंच रुंद. बाहेरच्या खोलीत टीव्ही, पाहुणे, आणि संध्याकाळी घरकुलाचे, जातपडताळणीचे, निराधार योजनेचे कागद घेऊन येणारी माणसे. तिथे अभ्यास होत नाही. म्हणून तिचे टेबल स्वयंपाकघरात. ती दहावीला होती.

सोलापुरात दुकानातून चौकशी केली. पहिल्यासारखे दोन टबांचे घ्यावे तर मोठ्या घराला पुरेल असे जे होते ते 31-32 इंच रुंद. कोनाड्यात शिरणार नाही. शिवाय एका टबातून ओले जड कपडे काढून दुसऱ्यात टाकताना आत्याबाईंच्या कमरेत चमक भरते. समोरून दार उघडणारे मशीन कमी खोलीचेही मिळते, पण 24 इंच रुंद मशीनचे दार पुढे उघडायला आणखी मोकळी जागा लागते, खाली वाकावे लागते आणि किंमतही जास्त. राहिले वरून झाकण उघडणारे पूर्ण स्वयंचलित. ते साधारण 21 इंच रुंद आणि 22 इंच खोल. रुंदीला भरपूर जागा, पण खोलीला जागा 19 इंच आणि मशीन 22 इंच. दुकानातल्या कागदावर लिहिलेल्या त्या 22 इंचांत मागच्या नळीची जागा धरलेली नव्हती. ती तीन इंच धरली की 25 झाले. परसदार उघडले की ते मशीनवर आपटणार.

दुकानाचा माणूस जागा पाहायला आला. त्याने एका नजरेत निकाल दिला. "हे टेबल काढा ना मॅडम. मशीन इथे आरामात बसते." त्या दिवशी आमच्याकडे आलेले एक वडीलधारे पाहुणेही म्हणाले, "खरंय. पोरगी काय, कुठंही बसून वाचील." कोणाच्या मनात वाईट काही नव्हते. ते सहज बोलून गेले. माझी लेक काही बोलली नाही. ती उठून वह्या गोळा करू लागली.

ती काही बोलली नाही हेच मला फार लागले. आपली जागा अशीच जायची असते, हे पंधरा वर्षांच्या मुलीला कोणी न सांगता कळले होते. मी म्हटले, "वह्या तिथंच ठेव." आत्याबाई भाजी निवडत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "पोरीचं टेबल काढून कसलं गं धुणं धुता?" तिथेच निर्णय झाला. टेबल हलणार नाही. बाकी सगळे हलवता येते का, ते पाहायचे.

बाबासाहेबांचे शालेय शिक्षण कसे झाले हे आपण दर जयंतीला मुलांना सांगतो. परळच्या चाळीतली एक खोली, त्यातच चूल आणि त्यातच सगळा संसार. सुभेदार रामजीबाबा मुलाला लवकर झोपवीत आणि रात्री दोन वाजता, सगळीकडे सामसूम झाल्यावर, अभ्यासाला उठवीत. खोली मोठी करणे त्या बापाच्या हातात नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःची झोप मोडून मुलाला शांत वेळ मिळवून दिला. पुढे बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले तेव्हा ग्रंथांच्या जागेचा विचार आधी केला. हे भाषणात सांगायचे आणि घरी पोरीच्या वह्या मशीनसाठी उचलायच्या, हे मला पटणारे नव्हते.

मग आम्ही मोजायला बसलो. नुसते मशीन मोजून भागत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. मशीन ज्या वाटेने आत येणार ती बोळ, पुढचे दार, स्वयंपाकघराचे दार, सगळे मोजावे, आणि तेही खोक्यासकट. आमची बोळ 26 इंचांची, खोके 24 इंचांचे. दोन्ही बाजूंना एक एक इंच. थोडक्यात सुटलो.

दुसरे काम आमच्या मुलाने केले. किराणा दुकानातून खोकी आणून, कापून, सुतळीने बांधून त्याने मशीनच्या मापाचा पुठ्ठ्याचा ठोकळा केला आणि कोनाड्यात ठेवला. तीन दिवस तो तिथेच ठेवला आणि घरातल्या सगळ्यांनी रोजची कामे केली. कागदावरच्या आकड्यांनी जे कळत नव्हते ते या पुठ्ठ्याने सांगितले. परसदारातून बादली घेऊन जाताना कोपर लागते. आत्याबाई पिठाचा डबा काढायला वाकल्या की मागे ठोकळा लागतो. आणि झाकण उघडून धरले की वरच्या भांड्यांच्या मांडणीला लागते. यात पैसा काही लागला नाही. मशीन घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हा उपाय आधी करावा.

दाराचा प्रश्न सुताराने सोडवला. आत उघडणारे परसदार बाहेर उघडणारे केले. बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला घेतल्या, चौकटीला आतून पट्टी ठोकली. बिजागरीचा खिळा बाहेरून कोणी काढू नये म्हणून त्याची टोके ठोकून बोथट करून घेतली. मागे पत्र्याची पडवी असल्याने पावसाची भीती नव्हती. सुताराने सातशे रुपये घेतले. मशीन मागच्या भिंतीला न चिकटवता ओट्याच्या बाजूला सरकवले, दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा ठेवली. दाराच्या वाटेत ते सहा इंच येते, पण 22 इंचांची वाट राहते. माणूस आणि बादली नीट जातात.

मांडणीचा प्रश्न मात्र नाजूक होता. मशीन 36 इंच उंच, झाकण उघडल्यावर 50 इंचांवर जाते आणि मांडणी होती 46 इंचांवर. आमचे मिस्टर म्हणाले, आठ इंच वर घेऊ. आत्याबाईंनी हात वर करून दाखवला. "माझा हात पुरंना झाला तर या घरात मी पाहुणी का काय?" त्यांचे म्हणणे खरे होते. मग मशीनवरचा अर्धा भागच वर घेतला, त्यात सणावाराची मोठी भांडी ठेवली आणि रोजची ताटे-वाट्या ओट्याखाली आणल्या. मशीनसाठी उंच स्टँड विकत घ्या असे दुकानात सांगत होते, तेही घेतले नाही. टबाच्या तळाशी आत्याबाईंचा हात पोचला पाहिजे. जिला वस्तू वापरायची आहे तिच्या हाताचे माप घेतल्याशिवाय घरातली कोणतीही वस्तू बसवू नये.

पाण्याचे गणित अनेकांना माहीत नसते. दोन टबांच्या मशीनमध्ये बादलीने पाणी ओतले तरी चालते. स्वयंचलित मशीनला नळातून दाबाने पाणी यावे लागते. किमान दाब किती लागतो ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेले असते, आमच्या मशीनला 0.3 बार लागतो. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक बार असतो, म्हणजे 0.3 बारसाठी मशीनच्या तोटीपासून टाकीतले पाणी तीन मीटर, दहा फूट तरी वर हवे. आमची टाकी स्लॅबवर फूटभर ओट्यावर होती, फरक भरत होता आठ फूट. म्हणून टाकी तीन फूट उंच केली. 500 लिटर पाणी म्हणजे 500 किलो वजन. ते स्लॅबच्या मध्ये न टाकता, खाली भिंत आहे अशा जागी विटांचे खांब घेतले. जड पाण्यामुळे तोटीची जाळी क्षाराने बुजते, ती अधूनमधून काढून धुवावी लागते. सांडपाण्याची नळी जमिनीलगत उताराने मोरीत सोडली. ती उंच उचलून ठेवली तर अशा मशीनमधले पाणी नीट निघत नाही.

विजेच्या बाबतीत हयगय करू नये. जुन्या घरांतून तीन पिनांचा पॉइंट असतो, पण आत अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. ओल्या फरशीवर, ओल्या हाताने आपल्या बाया मशीनला हात लावतात. आम्ही वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतले, मशीनसाठी भिंतीत वेगळा पॉइंट काढला आणि 30 मिलिअँपिअरचा गळती ओळखून वीज तोडणारा स्विच बसवला. लोंबकळणारा एक्स्टेंशन बोर्ड स्वयंपाकघरात मुळीच वापरू नये.

मशीन आले त्या दिवशी शेवटची अडचण निघाली. आमची शहाबादी फरशी मोरीकडे उतरती आहे, पाणी वाहून जावे म्हणून. तिच्यावर मशीन तिरके बसले आणि सुकवताना थडथड हलू लागले. त्याचे चारही पाय कमी-जास्त फिरवता येतात. ताटात पाणी घेऊन ते झाकणावर ठेवले, पाणी चारी बाजूंना सारखे दिसेपर्यंत पाय फिरवले. थडथड थांबली. समोरून उघडणारे मशीन घेणाऱ्यांनी मागचे वाहतुकीचे बोल्ट काढल्याशिवाय ते चालू करू नये आणि ते बोल्ट जपून ठेवावेत, घर बदलताना लागतात.

हे सगळे झाले तरी मशीन आपोआप कपडे गोळा करत नाही, वाळत घालत नाही, घड्या घालत नाही. म्हणून आमच्या घरी आणखी एक ठरले. मशीन लावणे मिस्टरांकडे, वाळत घालणे मुलाकडे, घड्या ज्याच्या त्याने. पहिले काही दिवस मुलगा गच्चीवर दोरीपाशी लाजत असे. शेजारची मुले हसत. आता त्यातलीच दोन मुले आपल्या आईला कपडे पिळून देताना दिसतात. यंत्र घरात आले आणि तरीही सगळे काम बाईच्याच गळ्यात राहिले, तर तिच्या पाच तासांतले फारसे काही कमी होत नाही.

आता हा विषय माझ्या एका घरापुरता का नाही, ते सांगते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट आहे आणि त्यात स्वयंपाकाची जागाही धरलेली आहे. रमाई आवास योजनेतून आपल्या कितीतरी कुटुंबांना अशी घरे मिळाली आहेत. गवताच्या आणि पत्र्याच्या छपरातून पक्क्या भिंतीत येणे ही लहान गोष्ट नाही. पण फायली करताना मी पाहते, सगळे लक्ष हप्त्याकडे असते आणि आतल्या आखणीचा निर्णय गवंडी घेतो. पुढची खोली ऐसपैस, मागे अंधारी मोरी, आणि खिडकी जिथे गवंड्याला सोपी पडेल तिथे. पुढे दहा वर्षांनी मशीन येते, फ्रीज येतो, आणि प्रत्येक वेळी घरातल्या मुलीला सांगितले जाते, तू जरा सरक.

म्हणून माझी विनंती आहे. पाया भरण्याआधी घरातल्या बाईला आणि शिकणाऱ्या मुलांना घेऊन जमिनीवर चुन्याने रेषा ओढा. मोरीलगत 30 बाय 30 इंचांचा एक कोपरा मोकळा ठेवा. तिथे आज बादल्या राहतील, उद्या मशीन येईल. गिलावा होण्याआधी तिथे पाण्याची तोटी, सांडपाण्याचे भोक आणि अर्थिंगसह पॉइंट काढून घ्या. नंतर भिंत फोडण्यापेक्षा ते फार स्वस्त पडते. परसदार बाहेर उघडणारे ठेवा. आणि एका खिडकीखाली 30 बाय 18 इंच जागा अभ्यासाच्या टेबलासाठी ठरवा. त्या जागेवर दुसरे काही ठेवायचे नाही, हे घरात सर्वांसमक्ष ठरवा. आपल्या विहारात महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय आम्ही मांडला, तेव्हा नवे घरकुल मंजूर झालेल्या तीन भगिनींनी आपला नकाशा पुन्हा काढायला लावला.

आमच्या घरी आता सकाळी मशीन चालू असते तेव्हा तासभर आत्याबाईंचे हात मोकळे असतात. त्या नातीच्या टेबलाशेजारी पाट टाकून बसतात आणि तिच्याकडून वर्तमानपत्र वाचून घेतात. अक्षरे त्यांना येत नाहीत. परवा त्यांनी पाटी मागितली आहे.

जय भीम! जय बुद्ध!